समुद्राला ‘आलेच’ म्हणणारं बेट

मेक्सिकोच्या पश्चिम किनाऱ्यापासून होडीने दीड तासावर इस्ला एस्पेरा नावाचं बेट आहे. आपल्या भाषेत सांगायचं तर थांब-बेट. वर्षातून एक दिवस, मे महिन्यातली पौर्णिमा उलटली की, तिथला समुद्र इतका मागे हटतो की एरवी जिथे होड्या नांगरतात तिथे माणसं चपला हातात घेऊन चालतात. त्या उघड्या तळावर, ओल्या वाळूत, अख्खं बेट टेबलं मांडतं आणि जेवायला बसतं. टेबलांच्या सगळ्यांत पुढे, पाण्याच्या बाजूला, एकच निळी लाकडी खुर्ची असते. तिची पाठ गावाकडे, तोंड समुद्राकडे. तिच्यावर कोणी बसत नाही. लहान मूलसुद्धा तिला हात लावत नाही, आणि तिथली पोरं काही कमी वांड नाहीत.

हॉटेलवाल्यांच्या पत्रकात या दिवसाबद्दल चार ओळी छापलेल्या असतात. समुद्रतळावरची मेजवानी, वाळूतल्या होड्यांची शर्यत, बँड, नाच, लहानथोरांना मजा. लिहिणारा त्या वाळूत कधी जेवलेला नाही हे चार ओळींतच कळतं. मजा आहेच, मी नाही म्हणत नाही. पण ती कशासाठी चालली आहे हे कळल्यावर माझ्या हातातला घास हातातच राहिला होता, म्हणून हे लिहिते आहे.

मला तिथे माझी भाची शर्वरी घेऊन गेली. ती आठ वर्षं त्या देशात नोकरी करते आणि तिथली स्पॅनिश फाडफाड बोलते. सकाळी तिने मला तोंडात नळी धरून माशांमागे पोहायला लावलं. मी पोहले. या वयात कशाला, असं विचारणाऱ्यांना सांगते, जांभळे मासे वय विचारत नाहीत. बाराच्या सुमाराला ओहोटी लागली, आणि तासाभरात डोळ्यांसमोर समुद्राची जमीन झाली. शिंपले, खेकड्यांची बिळं, गवताचे हिरवे पट्टे, सगळं उन्हात उघडं. लोक टेबलं डोक्यावर घेऊन पळत सुटले. कातरकाम केलेल्या कागदी पताका लागल्या. बँडवाल्यांनी भलंमोठं पितळी भोंगेवाद्य खांद्यात अडकवलं आणि पोटात घुमेल असा सूर धरला.

आमच्या टेबलाची यजमानीण दोन्या चोले. दोन्या म्हणजे आपण मानाने बाई म्हणतो तसं. वय शहाऐंशी, पाठ ताठ, आवाज असा की भोंगेवाला तिच्याकडे बघून थांबतो आणि तिच्याकडे बघून सुरू होतो. ती कोळशावर भाजलेला अख्खा मासा फळीवर घेऊन आमच्याकडे आली. मी बाकावर सरकून जागा केली आणि आपल्या घरी म्हणते तसं म्हटलं, “या, या, बसा.”

बँड थांबला. समोरच्या म्हाताऱ्याने डोक्यावरची टोपी काढून छातीशी धरली. चमचे जिथल्या तिथे राहिले.

“मावशी, काय बोललीस हे!” शर्वरीचा चेहरा पांढरा पडला होता.

“बसा म्हटलं. शिवी नाही दिली कोणाला.”

दोन्या चोले माझ्याकडे बघतच नव्हती. ती समुद्राकडे बघत होती. मीही बघितलं. लांबवर पडून राहिलेली पाण्याची रेघ वीसेक पावलं पुढे आली होती. वाऱ्याने असेल. वारा नव्हता, तरी वाऱ्यानेच असेल, असं मी स्वतःला सांगितलं.

म्हातारीने दोन्ही हात तोंडाशी नेऊन हाळी दिली, “आओरीता!” आणि मागून सगळं बेट एका आवाजात ओरडलं, “आओरीता!” पाणी जिथे होतं तिथे थांबलं. बँड पुन्हा सुरू झाला. दोन्या चोलेने माझ्या भरल्या ताटात आणखी एक मासा आणि चार मक्याच्या भाकऱ्या टाकल्या.

“ही शिक्षा आहे,” शर्वरी म्हणाली. “या वाळूवर आज ‘या’ म्हणायचं नाही. स्पॅनिशमध्ये ‘या’ म्हणजे आता, झालं, तयार. जो म्हणेल त्याने दुसरं ताट संपवायचं आणि गोष्ट ऐकायची.”

“शिक्षा बरी आहे,” मी म्हटलं. दोन्या चोलेला ते भाषांतराशिवाय कळलं. ती हसली, माझ्या शेजारी बसली आणि सांगू लागली. ती सांगत होती, शर्वरी मराठीत आणत होती, आणि मी जेवत होते.

एकशे साठ-सत्तर वर्षांपूर्वी, म्हणे, या बेटावर हासिंता नावाची बाई राहत होती. नवरा तोमास मासेमार. घर म्हणजे ताडाच्या पानांचं छप्पर आणि चार काठ्या. चीजवस्तू म्हणाल तर एक मडकं, एक फाटकं जाळं, दोन कोंबड्या आणि मका वाटायचा दगडी पाटा. एका ऑक्टोबरात सकाळी अकरा होड्या मासेमारीला गेल्या आणि दुपारी वादळ आलं. बेटावरचे सगळे बापये पाण्यात होते. बायका देवळात गुडघे टेकून बसल्या. हासिंता गेली नाही. ती थेट समुद्रात कमरेइतक्या पाण्यात उभी राहिली आणि ओरडून म्हणाली, “आमची माणसं परत दे! माझ्याकडे जे आहे ते सगळं तुझं!”

गरिबाचा नवस असाच असतो. काहीच नसलं की सगळं द्यायला जीभ कचरत नाही.

संध्याकाळच्या आत अकराच्या अकरा होड्या परत आल्या. एकाही माणसाला खरचटलं नव्हतं. जाळ्यांत मासे होते, ते वेगळेच. बेटाने तीन दिवस नाच केला. आणि पुढल्या महिन्यात हासिंताला कळलं की तिला दिवस गेलेत. तिने मागे हिशेब लावला. ती पाण्यात उभी राहून बोलली त्या दिवशी मूल पोटात होतं. “माझ्याकडे जे आहे ते सगळं” यात ते होतं. तिला ठाऊक नव्हतं. समुद्राला ठाऊक होतं.

मे महिन्यात पौर्णिमेनंतर मुलगी झाली. नाव ठेवलं मिकाएला. शेजारीण पेट्रा तिची धर्ममाता झाली. धर्ममाता म्हणजे बारशाला मूल मांडीवर घेऊन उद्या आईबाप नसले तर मी आहे, असं देवासमोर सांगणारी बाई. ही पेट्रा बडबडी, थट्टेखोर, आणि कामचुकार म्हणून बेटभर प्रसिद्ध होती.

मुलीच्या पहिल्या वाढदिवशी पाणी हासिंताच्या दारापर्यंत आलं आणि मडकं घेऊन गेलं. दुसऱ्या वर्षी कोंबड्या. तिसऱ्या वर्षी जाळं. चौथ्या वर्षी पाटा. तो दगडी पाटा दोन माणसांना उचलत नसे, आणि त्याच्यावर त्या वेळी अर्धवट वाटलेला मका होता. पाण्याने तो, असं सांगतात, ताटातली भाकरी उचलावी तसा उचलला. पाचव्या आणि सहाव्या वर्षी पाणी नुसतं उंबऱ्याशी येऊन परत गेलं. घरात नेण्यासारखं आता एकच उरलं होतं.

सातव्या वर्षी पाणी आलं आणि गेलं नाही.

बेटावरचे लोक हा भाग सांगताना आवाज खाली घेतात, असं शर्वरी म्हणाली.

पाणी दारात उभं राहिलं. लाट नाही, फेस नाही, आवाज नाही. काचेसारखं सपाट. ओहोटीची वेळ झाली तरी ते हललं नाही. पेलिकन पक्षी त्याच्यावर बसायला येत आणि न बसता वळून जात. दुपारपर्यंत बेटावरच्या एकुलत्या एका गोड्या विहिरीचं पाणी खारट लागायला लागलं. मग सगळे हासिंताच्या दारापुढे जमले. ज्यांचे जीव त्या नवसाने वाचले होते ते बत्तीस बापयेही जमले, आणि त्यांच्यातला एकही मान वर करून बघत नव्हता. वाचलेल्या बापयांची मान अशाच वेळी का खाली जाते हे मला आजवर कोणी समजावून दिलेलं नाही.

पाद्री आला होता. तो म्हणाला, “मुली, नवस देवाला बोलायचा असतो. समुद्राला बोललेला नवस लागू होत नाही. घरात जा आणि दार लाव.”

हासिंता म्हणाली, “शब्द मी दिला, पाद्रीबाबा. बत्तीस माणसं मी घेतली. आता कोणाला दिला म्हणून फाटे फोडू? ती माणसं परत पाठवू का?”

पाणी उंबऱ्यावर चढलं. मिकाएला आईच्या मागे उभी होती, सात वर्षांची, एका वेणीची, दुसरी घालायची राहिलेली. हासिंताला नाही म्हणता येत नव्हतं आणि देता येत नव्हतं. तिने उंबऱ्यातल्या पाण्याकडे बघितलं आणि तिच्या तोंडून जे निघालं ते तिने योजलेलं नव्हतं. आयुष्यभर कोणी काही मागितलं की तोंडून निघायचं तेच निघालं.

“देते. आओरीता.”

हा शब्द त्या देशाच्या जिभेवर चोवीस तास असतो. चाळणी परत दे. आओरीता. देऊळ झाडायला ये. आओरीता. आपण आतून ‘आलेच’ म्हणतो आणि भाजी फोडणीला टाकतो, त्याची ही सख्खी बहीण. त्याचा अर्थ आत्ता. किंवा तासाभराने. किंवा उद्या. किंवा कधीच नाही. यातला कोणता, ते ऐकणाऱ्याने ओळखायचं, आणि तिथले सगळे ओळखतात.

समुद्र तिथला नव्हता. समुद्र वेळेचा पक्का. जग झालं त्या दिवसापासून भरती-ओहोटीला त्याने एकदा उशीर केलेला नाही. आत्ता म्हणजे आत्ता, एवढंच त्याला माहीत. देते म्हणते आहे, आत्ता देते म्हणते आहे, तर बाईला आवरायला जागा द्यावी, असं त्याला वाटलं असावं. तो मागे सरला. उंबरा सोडला, अंगण सोडलं, किनारा सोडला. जिथवर आजवर कोणी तळ पाहिला नव्हता तिथवर गेला आणि तिथे बसून राहिला. वाट बघत.

समोर मैलभर ओला तळ, आणि त्याच्या पलीकडे भिंतीसारखं उभं पाणी, न हलणारं. कोणाला बोलणं सुचेना. सुचलं ते पेट्राला.

“अगं, पण पोरीने सकाळपासून काही खाल्लेलं नाही,” ती मोठ्याने म्हणाली, समुद्राला ऐकू जाईल अशी. “उपाशी कशी पाठवायची?”

हासिंताने तिच्याकडे बघितलं. दोघी एकमेकींच्या तोंडाकडे बघत राहिल्या. आणि मग हासिंताने चूल उचलली.

तिने चूल नेऊन मांडली ती थेट समुद्राच्या तळावर, त्याच्या डोळ्यांसमोर. लपवाछपवी नको. बघ, मी आवरतेच आहे. घराघरांतून टेबलं निघाली. मुलीला जेवू घातलं. मग पेट्रा म्हणाली, दुसरी वेणी राहिली. वेणी झाली. मग म्हणाली, मैत्रिणींशी एकदा खेळायला नको? खेळ झाले. डोळे बांधून काठीने मडकं फोडायचा खेळ मांडला आणि मडकं मुद्दाम इतकं उंच टांगलं की तासभर कोणाची काठी पोचेना. चरबी लावलेला खांब रोवला. त्याच्या टोकावरचा रुमाल काढल्याशिवाय निरोप कसा द्यायचा? जो चढे तो घसरे. पाणी थोडं पुढे आलं. टेबलाच्या पायाला लागलं. सगळे एका आवाजात ओरडले, “आओरीता!” पाणी मागे गेलं.

तेव्हा म्हणे तोमासने पहिल्यांदा मान वर केली. तो गेला आणि वाळूत रुतलेल्या आपल्या होडीत बसला. “मुलीला शर्यत दाखवल्याशिवाय मी पाठवणार नाही,” तो म्हणाला, आणि नुसत्या वाळूत वल्ही मारायला लागला. बाकीचे एकतीस धावत जाऊन आपापल्या होड्यांत बसले. अकरा होड्या, वाळूत, जागच्या जागी. घाम गाळून वल्हवत होते, एकमेकांना शिव्या घालत होते, मागे पडलास म्हणून चिडवत होते. होडी बोटभर सरकत नव्हती. मिकाएला इतकी हसली की तिच्या आईला रडायला आलं. ज्या हातांनी त्या वादळातून होड्या परत आणल्या होत्या, ते हात आता वाळू उपसत होते, आणि समुद्र भिंतीसारखा उभा राहून शर्यत संपायची वाट बघत होता.

शर्यत संपली नाही. दिवस कलायला लागला. समुद्राला दुसऱ्या किनाऱ्यांवरही जायचं असतं, तिथे त्याची वेळ झाली. तो एकदा खोल गुरगुरला, सगळ्यांनी टेबलं उचलली, आणि तो नेहमीच्या भरतीसारखा येऊन नेहमीच्या जागी थांबला. रात्रीपर्यंत विहीर गोड झाली.

पुढल्या वर्षी तो पुन्हा आला. लोक तयार होते. चूल, टेबलं, मडकं, खांब, होड्या. दर वर्षी नवं काहीतरी निघे. कोणी भोंगा आणला, कोणी शंभर कडव्यांचं गाणं रचलं. जिची वाट बघतोय ती त्याला दिसायला हवी, म्हणून सगळ्यांत पुढे निळी खुर्ची ठेवत आणि मिकाएला तिच्यावर बसे. ती मोठी झाली, तिचं लग्न झालं, पोरं झाली, पोरांना पोरं झाली. हासिंता म्हातारी होऊन अंथरुणात गेली. जाताना तिच्या मनाला एकच लागलं होतं, असं सांगतात. ती मुलीला म्हणाली, “मी बोलले ते खोटं पडलं गं.”

मिकाएलाने ते लक्षात ठेवलं.

ती एक्याण्णव वर्षांची झाली त्या वर्षी जेवणं झाली, शर्यत झाली, पाणी टेबलाच्या पायाला लागलं. सगळे ओरडले. मिकाएलाने खुर्चीवरून हात वर केला.

“पुरे,” ती म्हणाली. “माझी आई खोटं बोलली नव्हती. तिने आत्ता म्हटलं होतं. आत्ता झालं.” मग ती समुद्राकडे वळली, केसांवरची ओढणी नीट केली, आणि एकच शब्द म्हणाली.

“या.”

शर्वरीने मला अर्थ सांगितला. आता. मी तयार आहे. मला त्याची गरज नव्हती. तो शब्द मी जन्मभर माझ्या दारात उभी राहून म्हणत आले आहे. चौऱ्याऐंशी वर्षं उंबऱ्याबाहेर ताटकळलेल्याला कोणीतरी शेवटी म्हटलं होतं, या.

पाणी आलं. आवाज न करता आलं आणि झोपलेलं मूल उचलावं तसं तिला खुर्चीसकट उचललं. कोणी धावलं नाही, कोणी ओरडलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी खुर्ची किनाऱ्यावर होती. चारही पायांवर उभी, कोरडी. तिच्यापुढे वाळूत हासिंताचा पाटा होता, आणि पाट्यावर मका होता. अर्धवट वाटलेला, ओला, पिवळाधमक. सत्त्याऐंशी वर्षांपूर्वी होता तसाच.

“पाटा कुठे आहे?” मी विचारलं.

दोन्या चोलेने माझ्या हातातल्या भाकरीकडे बोट दाखवलं. “आज पहाटे मी त्याच्यावरच वाटलं.”

मी तो तुकडा तोंडापर्यंत नेला होता. तो तिथेच राहिला. म्हातारीने माझं मनगट धरून हळूच वर ढकललं, तेव्हा मी तो खाल्ला. मक्याच्या भाकरीसारखीच चव होती. मीठ जरा जास्त.

“पण बाई,” मी म्हटलं, “नवस तर फिटला. मग अजून हे कशाला?”

दोन्या चोले खळखळून हसली. “हासिंता म्हणाली होती, माझ्याकडे आहे ते सगळं. मिकाएला तिच्याकडे होती, आणि मिकाएलाच्या पोटी आम्ही सगळे. मी तिची पणती. तो येतो गं. दारात आलेल्याला तोंडावर नाही म्हणायचं का?” मग समुद्राकडे मान हलवून म्हणाली, “आणि त्यालाही आता शर्यतीचा निकाल बघायचाय.”

आजही मे महिन्यात पौर्णिमा उलटली की इस्ला एस्पेराचा समुद्र मागे सरतो आणि बसून राहतो. आजही अकरा होड्या वाळूत रुतवून माणसं घामाघूम होईपर्यंत वल्ही मारतात, पाहुण्यांनाही बसवतात. शर्वरी तिसऱ्या होडीत होती आणि आपणच पुढे आहोत, असं छातीठोकपणे ओरडत होती. ती शर्यत आजवर कोणी जिंकलेली नाही.

उन्हं उतरली तेव्हा पाणी परत आलं आणि निळ्या खुर्चीकडे सरकायला लागलं. बेट ओरडलं. मीही ओरडले, घसा बसेपर्यंत. दोन्या चोले ओरडली नाही. ती उठून पुढे गेली, आणि ज्या खुर्चीला तिथलं एकही मूल शिवत नाही तिच्या पाठीवर तिने हात ठेवला. पाणी तिच्या पावलांपाशी येऊन थांबलं. ती खाली वाकली आणि कुंपणापलीकडच्या शेजारणीला सांगावं तशा आवाजात त्याला म्हणाली, “आओरीता.”

आणि समुद्र, मी माझ्या डोळ्यांनी पाहिला, मागे सरला.